हिंगण्याचा आश्रम ते कर्वेनगरचा टॅब : आकार-रंगांच्या शिक्षणाचा इतिहास

लहान मुलांना आकार आणि रंग शिकवणारी संगणकीय सॉफ्टवेअरे 1980 च्या दशकात अमेरिकेत बाजारात आली आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत टप्प्याटप्प्याने मराठी घरांत पोहोचली. पडद्यावर एक लाल त्रिकोण, खाली तीन रिकाम्या जागा. त्रिकोण बरोबर जागी नेला की टाळ्या. या खेळाचे स्वरूप आज पुण्यातल्या बहुतेक पालकांना ठाऊक आहे. हा खेळ मात्र संगणकाने शोधलेला नाही. तो त्याआधी सुमारे दीडशे वर्षे लाकूड, लोकर आणि पुठ्ठा यांच्या साहाय्याने खेळला जात होता. त्याची मराठी मुलखातली वाट पुण्यावरून जाते, आणि तिचे काही धागे आज कर्वेनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिंगणे बुद्रुक या मुठाकाठच्या गावाशी येऊन मिळतात.

फ्रोबेलच्या देणग्या आणि शारदा सदन

लहान मुलाला आकार आणि रंग ठरवून, क्रमाने शिकवावेत ही कल्पना जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिश फ्रोबेल यांची. 1837 मध्ये त्यांनी ब्लांकनबुर्ग येथे बालकांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिले. मुलांच्या हाती द्यायच्या वस्तूंना ते देणग्या म्हणत. पहिली देणगी लोकरीच्या सहा मऊ चेंडूंची : तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा. दुसरी लाकडाची : गोल, दंडगोल आणि घन. आधी रंग, मग आकार. आधी मऊ, मग कठीण. आधी अख्खी वस्तू, मग तिचे तुकडे, असा तो क्रम होता.

ही पद्धत मराठी स्त्रियांपर्यंत आणण्यात पंडिता रमाबाईंचा वाटा मोठा आहे. 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथील वास्तव्यात फिलाडेल्फियाला त्यांनी किंडरगार्टनचे प्रशिक्षण घेतले. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलले. विधवांना पोटापाण्याचा मानाचा धंदा मिळवून द्यायचा तर शिक्षिकेचे काम हा त्यातला जवळचा मार्ग होता. लहान मुलांना शिकवण्याची नवी रीत रमाबाईंनी आपल्या शिक्षणक्रमात आणली ती याच हिशेबाने.

शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई, सर्वांच्या बाया कर्वे, झाल्या. कर्वे 1891 पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पुण्यात प्लेगने थैमान घातल्यावर 1900 मध्ये आश्रम शहराबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जमिनीवर झोपडी उभी राहिली आणि कर्वे कॉलेजातले काम आटोपून शहरातून पायी तिथे जात. 1907 मध्ये महिला विद्यालय आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ निघाले. विद्यापीठ पुढे मुंबईला गेले. मूळ संस्था हिंगण्यातच राहिली. आज ती महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था म्हणून ओळखली जाते आणि भोवतालच्या वस्तीला कर्व्यांचेच नाव मिळाले आहे.

हिंगण्याच्या आश्रमात फ्रोबेलचे चेंडू नांदले असे म्हणायला आधार नाही. या जागेचे महत्त्व वेगळे आहे. बालशिक्षणाला शिकलेल्या बायका लागतात, आणि महाराष्ट्रात शिकलेल्या बायकांची फळी ज्या मोजक्या ठिकाणी उभी राहिली त्यांत हिंगणे अग्रभागी होते. पुढे बालवाड्या आणि शिशुवर्ग निघाले, ते चालवायला बायका मिळाल्या, कारण आधीच्या पिढीत बायकांसाठी अशा शाळा निघाल्या होत्या.

चूक दाखवणारा लाकडी साचा

मारिया माँटेसोरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. आजच्या आकार-रंगांच्या सॉफ्टवेअरमध्ये जे काही आहे, त्यातले बहुतेक या बालगृहाच्या कपाटात होते. गुलाबी मनोऱ्याचे दहा घन, सर्वांत लहान एका सेंटिमीटरचा आणि सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. रंगपट्ट्यांच्या तीन पेट्या : पहिलीत लाल, पिवळा, निळा यांच्या जोड्या, दुसरीत अकरा रंगांच्या जोड्या, तिसरीत नऊ रंगांच्या सात-सात छटा, गडदापासून फिक्यापर्यंत. शिवाय भौमितिक आकारांचे खण, ज्यांत लाकडी वर्तुळे, त्रिकोण, चौकोन आपापल्या खाचेत बसत.

यातली खाच हे खरे बुद्धीचे काम. त्रिकोण वर्तुळाच्या खाचेत बसत नाही. म्हणून चूक झाल्याचे सांगायला शिक्षिका लागत नाही, ते काम साचाच करतो. खाचांच्या अशा फळ्या मतिमंद मुलांच्या शिक्षणासाठी फ्रेंच वैद्य एडवार सेगँ यांनी एकोणिसाव्या शतकातच वापरल्या होत्या; माँटेसोरींनी त्यांच्याकडून ही रीत उचलली. मुलाला आपली चूक आपणच कळावी हे तत्त्व पुढे संगणकाने जसेच्या तसे घेतले. फरक एवढाच की लाकूड चूक दाखवते ती हाताला. पडदा दाखवतो ती कानाला आणि डोळ्याला.

1920 मध्ये गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. मुंबईत जन्मलेल्या आणि राजकोटला शिक्षणक्षेत्रात काम केलेल्या ताराबाई मोडक 1923 मध्ये त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसोरी स्वतः 1939 मध्ये मद्रासच्या अड्यारला आल्या, तेव्हा त्यांच्या पद्धतीचे गुजराती-मराठी रूप चांगले रुजले होते. ताराबाईंनी ‘शिक्षणपत्रिका’ या नियतकालिकाची मराठी आवृत्ती चालवली, 1936 मध्ये दादरला शिशुविहार काढले आणि शहरी मध्यमवर्गाला बालमंदिराची ओळख करून दिली.

कोसबाडच्या बिया आणि शिंपले

माँटेसोरी साधनांची अडचण पैशाची होती. अचूक मापाचे, रंगवलेले लाकडी संच महाग पडत आणि ते गावातल्या सुताराकडून होण्यासारखे नव्हते. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. 1957 च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत हलले. तिथे साधनांचा प्रश्न त्यांनी आवारातच सोडवला. शिंपले, बिया, पाने, दगड, माती, बांबू यांपासून साधने तयार झाली. मुले बिया रंगांनुसार वेगळ्या करीत, पाने आकारांनुसार लावीत, लहान-मोठे शिंपले क्रमाने मांडीत. पेटीतली रंगपट्टी एकाच छटेची असते. एका झाडाखाली वेचलेल्या पानांत हिरव्याच्या पाच छटा सहज सापडतात.

मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून ताराबाईंनी अंगणवाडी चालवली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने देशातील 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री मिळाली. संगणक येण्यापूर्वी मराठी मुलखाने आकार-रंगांच्या शिक्षणात घातलेली ही सर्वांत मोलाची भर आहे : साधन स्वस्त असावे, ओळखीचे असावे आणि हाताळता यावे.

चार रंगांचा पडदा

लहान मुलांसाठीची पहिली संगणकीय साधने 1980 च्या दशकाच्या आरंभी अॅपल टूसारख्या घरगुती यंत्रांवर आली. 1983 च्या सुमारास निघालेले ‘स्टिकीबेअर शेप्स’ हे आकार शिकवणारे सुरुवातीचे एक सॉफ्टवेअर. अस्वलाच्या चित्रात एक आकार गाळलेला असे आणि मुलाने तो ओळखायचा असे. तेव्हा माऊस दुर्मीळ होता, म्हणून बराचसा खेळ कळफलकाच्या एक-दोन कळांवर चाले.

रंग शिकवण्यात मोठा अडथळा यंत्राचाच होता. आयबीएमच्या 1981 च्या सीजीए कार्डावर चित्रासाठी एका वेळी चारच रंग मिळत : पार्श्वभूमीचा एक आणि ठरलेल्या संचातले तीन. एका संचात हिरवा, लाल आणि तपकिरीकडे झुकणारा पिवळा; दुसऱ्यात आकाशी, किरमिजी आणि पांढरा. फ्रोबेलच्या सहा चेंडूंचे रंग अशा पडद्यावर एकत्र दाखवणेच शक्य नव्हते. भारतात तर त्या काळी पुष्कळ कार्यालयांत आणि शाळांत एकरंगी पडदे होते, हिरव्या किंवा पिवळट अक्षरांचे. 1987 मध्ये व्हीजीए हे नवे चित्रतंत्र आल्यावर 256 रंग एकत्र दिसू लागले आणि पडद्यावर रंग शिकवणे खऱ्या अर्थाने जमू लागले.

याच काळात दुसरा एक विचार पुढे आला. सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये लोगो ही मुलांची संगणकभाषा तयार केली होती. तिच्यात पडद्यावरच्या कासवाला हुकूम द्यायचा : शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश वळ. हे चार वेळा केले की चौरस होतो. इथे मूल चौरस निवडत नाही, तो घडवते. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या आवाक्यात लोगो नव्हती, पण ओळखण्याचा आकार आणि घडवण्याचा आकार यांतला भेद तिने स्पष्ट केला. 1984-85 मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून बीबीसी मायक्रो संगणक देशातल्या निवडक शाळांत आले. ती योजना मोठ्या मुलांसाठी होती. शिशुवर्गाशी तिचा संबंध आला नाही.

खास दीड ते तीन वर्षांच्या मुलांसाठी सॉफ्टवेअर निघाले ते सीडी-रॉमच्या काळात. ‘जंपस्टार्ट टॉडलर्स’ 1996 मध्ये आणि ‘रीडर रॅबिट्स टॉडलर’ 1997 मध्ये आले. एका सीडीवर साडेसहाशे मेगाबाइट मजकूर मावत असल्याने भरपूर आवाज आणि हलती चित्रे देता आली. या वयाच्या मुलाला माऊस सरकवता येतो, पण नेमका टिचकवता येत नाही. म्हणून नुसता माऊस फिरवला तरी चित्र बोलेल अशी सोय या सॉफ्टवेअरांत केली गेली. भारतात मल्टिमीडिया संगणक घेणाऱ्या कुटुंबांत अशा सीड्या येऊ लागल्या. मूल आईच्या मांडीवर, आईचा हात माऊसवर आणि आवाज अमेरिकन इंग्रजी, असा तो आरंभ होता.

मराठी बोलणारा संगणक

मराठी सॉफ्टवेअरला उशीर झाला त्याला लिपीही कारण होती. 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्र पुढे नेले आणि देवनागरीसह भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे इस्की हे प्रमाण 1991 मध्ये ठरले. पण प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीचा फाँट आपल्या वेगळ्या संकेतांवर चाले, त्यामुळे एका संगणकावरचे मराठी दुसऱ्यावर कचरा होऊन उमटे. विंडोज 2000 मध्ये मंगल फाँटसह युनिकोड देवनागरी आली आणि हळूहळू ही अडचण मिटली.

दोन वर्षांच्या मुलाला अक्षरे वाचायची नसतात. त्याला आवाज हवा असतो. आणि आवाजाची अडचण लिपीहून वेगळी होती. इंग्रजी सॉफ्टवेअरात रंगाचा एक ध्वनी आणि आकाराचा एक ध्वनी मुद्रित करून ते हवे तसे जोडता येतात. आठ रंग आणि सहा आकार असतील तर चौदा ध्वनींत अठ्ठेचाळीस जोड्या होतात. मराठीत तसे चालत नाही. त्रिकोण पिवळा, चांदणी पिवळी, वर्तुळ पिवळे. आणि सूचना द्यायची झाली की ‘पिवळ्या त्रिकोणावर बोट ठेव’. म्हणजे एका पिवळ्याचे चार ध्वनी लागतात. हिरवा, निळा, काळा, पांढरा, जांभळा यांचेही तसेच. लाल, गुलाबी, केशरी मात्र एकाच रूपात भागतात. मूळ इंग्रजी रचना तशीच ठेवून नुसते शब्द बदलले की संगणक ‘पिवळा चांदणी’ बोलतो. बोलायला शिकणाऱ्या मुलाच्या कानावर असे मराठी पडणे वाईट, म्हणून चांगल्या मराठी सॉफ्टवेअरात पूर्ण वाक्येच मुद्रित करावी लागतात. काम वाढते, खर्च वाढतो, आणि मराठीचा बाजार इंग्रजीच्या मानाने लहान.

ही उणीव काही अंशी मुक्त सॉफ्टवेअरने भरून काढली. फ्रान्समधील ब्रुनो कुदुआं यांनी 2000 मध्ये सुरू केलेल्या ‘जीकाँप्री’ या संचात दोन वर्षांपासूनच्या मुलांसाठी खेळ आहेत; त्यांतल्या एकात आवाज रंगाचे नाव उच्चारतो आणि मूल त्या रंगाच्या बदकावर टिचकी मारते. बिल केंड्रिक यांचे ‘टक्स पेंट’ 2002 मध्ये आले. त्यात आकारांचे वेगळे हत्यार आहे आणि त्याचा मराठी अनुवाद झालेला आहे. फुकट आणि बदलता येण्याजोगे असल्याने कमी पैशांच्या शाळांना असे सॉफ्टवेअर परवडते. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट या वाडीच्या एकशिक्षकी शाळेत ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप पोहोचले. त्यांतही चित्रे काढण्याची आणि कासव चालवण्याची मुक्त साधने होती.

बोटाचा स्पर्श आणि कर्वेनगरची घरे

दरम्यान हिंगण्याचे रूप पालटले होते. संस्थेने 1991 मध्ये मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. ते आज कमिन्स कॉलेज म्हणून ओळखले जाते, आणि संगणक व इलेक्ट्रॉनिक्स या तिथल्या प्रमुख शाखा आहेत. ज्या माळावर विधवांना अक्षरओळख करून देण्यासाठी झोपडी बांधली गेली, तिथे नव्वद वर्षांनी मुली संगणक अभियांत्रिकी शिकू लागल्या. हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान क्षेत्र उभे राहिल्यावर वारज्याहून बाह्यवळण मार्गाने तिकडे जाणारी कुटुंबे कर्वेनगर, वारजे आणि कोथरूड भागात मोठ्या संख्येने स्थायिक झाली. आई-वडील दोघे नोकरीला, घरी आजी-आजोबा किंवा जवळचे पाळणाघर, आणि घरात संगणक, टॅब, फोन हे सगळे, अशी कुटुंबाची नवी घडण झाली.

2010 मध्ये आयपॅड आला आणि माऊसची अडचण एका फटक्यात संपली. दीड वर्षाच्या मुलालाही बोटाने त्रिकोण सरकवता येऊ लागला. 2016 मध्ये स्वस्त मोबाइल डेटा आल्यावर हीच सोय टॅब नसलेल्या घरांतही पोहोचली. सीडीची जागा अॅपने घेतली आणि अॅपची पुष्कळशी जागा व्हिडिओने. इथे एक मूलभूत बदल झाला. सॉफ्टवेअर मुलाच्या कृतीची वाट पाहते. व्हिडिओ कोणाची वाट पाहत नाही. रंगांची गाणी ऐकत मूल समोर बसते, पण त्याने काही निवडले, चुकवले किंवा सुधारले असे त्यात घडत नाही. मार्च 2020 नंतरच्या टाळेबंदीत शिशुवर्ग बंद पडले, तेव्हा तर तीन वर्षांच्या मुलांची शाळाच फोनवर आली, आणि आधी हौस म्हणून दिलेला पडदा सवय होऊन बसला.

वैद्यकाचा आणि धोरणाचा निवाडा

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2021 मध्ये लहान मुलांच्या पडद्यापुढच्या वेळेबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. अकादमीच्या मते दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसात एका तासापेक्षा जास्त दाखवू नये. तोही मोठ्या माणसाच्या सोबतीने. म्हणजे ज्या वयासाठी 1996-97 मध्ये खास सीड्या निघाल्या, त्यातले पहिले सहा महिने या सूचनेने वगळलेच.

शैक्षणिक धोरणही त्याच दिशेने गेले. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि त्यासाठीचा अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर 2022 मध्ये आला. त्यावर आधारलेला ‘जादुई पिटारा’ फेब्रुवारी 2023 मध्ये निघाला. तो तेरा भारतीय भाषांतला खेळणी, कोडी, चित्रे आणि पुस्तके यांचा खरा पेटारा आहे. त्याचे मोबाइल रूप त्यानंतर वर्षभराने, 2024 मध्ये आले. पेटारा आधी आणि अॅप नंतर, हा क्रम योग्यच आहे.

आकार-रंगांच्या सॉफ्टवेअरला त्याचे स्थान आहे. नाव आणि चित्र यांची सांगड घालणे, ओळख पक्की करणे, न कंटाळता पुन्हा पुन्हा विचारणे, ही कामे ते चोख करते. चित्रातला घन मात्र उचलता येत नाही, त्याला वजन नसते आणि कोपरा बोटाला टोचत नाही. दहा घनांचा मनोरा कोसळतो तेव्हा मुलाला जे कळते, ते पडद्यावरचा मनोरा कोसळल्याने कळत नाही. फ्रोबेल, माँटेसोरी आणि ताराबाई यांच्या साधनांत पुष्कळ फरक होता, तरी तिघांनीही वस्तू आधी मुलाच्या हातात दिली आणि नाव नंतर सांगितले. मराठी घराला त्यासाठी बाजारात जावे लागत नाही. पोळीचा गोल, शंकरपाळ्याचा चौकोन, करंजीचा अर्धगोल आणि डाळींच्या डब्यांतले पिवळे, हिरवे, तांबडे रंग स्वयंपाकघरात आहेतच. ते हाताळून झाल्यावर, दुसऱ्या वर्षानंतर, कोणीतरी शेजारी बसून, शुद्ध मराठी बोलणारे सॉफ्टवेअर थोडा वेळ वापरले तर ते उपयोगाचे ठरते. हाताची जागा घेण्याच्या लायकीचे ते अजून झालेले नाही.